वेण्णाकांठची पहाट आणि मोटारीची नाडीपरीक्षा

सुमारें ४,५०० फूट उंचीवरील महाबळेश्वरीं पौषांतील कित्येक पहाटे वेण्णा तळ्याकांठचें दंव गोठून गवत पांढरेंशुभ्र होतें. त्या शोभेस भुलून आम्ही गतवर्षीं सहकुटुंब तेथें उतरलों असतां एके पहाटे वहिनींस धाप लागली. त्यांना वाईस त्यांच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे नेणें भाग होतें. आणि मोटार तर दोनदां कण्हून स्वस्थ बसली!

अशा वेळीं वैद्याप्रमाणें आधीं लक्षणें पाहावींत. पुढील दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे मंदावले, तर बहुधा बॅटरी क्षीण, किंवा तिच्या जोडांवर क्षार सांचलेला. दिवे तेजस्वी राहूनही एंजिन हलेना, तर स्टार्टर व त्याच्या तारा पाहाव्यात. एंजिन झपाट्यानें फिरूनही पेटेना, तर इंधन वा ठिणगी यांचा शोध घ्यावा. थंडींत बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावते व एंजिनांतील तेल घट्ट होतें. अर्थात् बळ घटतें तेव्हांच भार वाढतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. किल्ली फिरवितांना दाब ९.६ च्या खालीं गेल्यास तिचा भरंवसा धरूं नये.

आमचे दिवे मंदावले होते. पुतण्यानें आधीं ऋण जोड व मग धन जोड सोडून हिरवट क्षार खरवडला, जोड घट्ट आवळले. एंजिन सुरू झालें. पसरणीचा घाट उतरून आम्ही उजाडतां वाईस पोंचलों, व वहिनींस वेळेवर औषध मिळालें. प्रवासास निघतांना शिदोरीइतक्याच आस्थेनें बॅटरीही पाहावी, हें गृहस्थांनीं ध्यानीं ठेवावें.