मोडीचा भाव

माझा मेहुणा इंग्लंडात असतो. प्रत्येक मध्यमवर्गीय माणसाच्या नशिबी असा एक तरी मेहुणा असतोच. तो परदेशात असल्यामुळे आपल्या घरात काय काय चुकतं आहे, ते त्याला लांबून अगदी स्पष्ट दिसतं. यंदा तो आला तेव्हा आमची आवराआवर चालली होती. आमची लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे. पावसाळ्यापूर्वी खोली रिकामी करून भाड्याच्या जागेत जायचं, आणि टॉवर झाला (आणि आपण राहिलो) की परत यायचं, असा करार.

‘‘भावोजी, एवढं सामान फुकट घालवू नका. आमच्याकडे कार बूट सेल असतो,’’ मेहुणा म्हणाला.

बूट विकायला गाडी कशाला लागते, हे मला कळेना. मग खुलासा झाला. इंग्रज माणूस मोटारीच्या डिकीला बूट म्हणतो. रविवारी पहाटे घरातलं नको असलेलं सामान डिकीत भरायचं, एखाद्या मैदानात गाडी उभी करायची, जागेचं भाडं भरायचं आणि डिकी उघडून दुकान मांडायचं. चाणाक्ष गिऱ्हाइकं म्हणे उजाडायच्या आत बॅटऱ्या घेऊन येतात. मेहुण्याने मला चार नियम लिहून दिले : वस्तू स्वच्छ पुसा, किंमत आधी ठरवा, सुटे पैसे जवळ ठेवा, आणि भावनेला थारा देऊ नका.

आमच्याकडे डिकी नव्हती, कारण मोटार नव्हती. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेच्या काउंटरमागे माझी वीस वर्षं गेली आहेत. सुट्या पैशांच्या बाबतीत तरी मला कोणी शिकवायला नको होतं.

दहा बाय बाराच्या खोलीत सामान असून असून किती असणार, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही चाळीत राहिलेला नाहीत. बंगल्यात सामान पसरतं. चाळीत ते वर चढतं. पोटमाळा हा चाळकऱ्यांचा सेफ डिपॉझिट व्हॉल्ट. फरक इतकाच, की व्हॉल्टमध्ये काय ठेवलं आहे ते ठेवणाऱ्याला आठवतं. आमच्या माळ्यावरून पहिल्या दिवशी निघाले ते असे : एक डबडा टीव्ही, मिक्सरची तीन भांडी (मिक्सर नाही), दोन स्टोव्ह, सहा छत्र्या मिळून एक छत्री होईल इतका ऐवज, ऑडिओ कॅसेटींची पेटी, माझ्या लग्नाचा सूट आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मी वही उघडली, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च अशी रेघ मारली आणि नियम पहिला म्हणून टीव्ही पुसायला घेतला.

सुरुवात रद्दीपासून केली. रद्दीवाला आला, गठ्ठ्याकडे बघून म्हणाला, ‘‘साहेब, बारा रुपये किलो.’’

‘‘कोपऱ्यावरच्या घरी परवा पंधरा दिलेस.’’

‘‘तो इंग्लिश पेपर होता. मराठीचा बारा.’’

२०२४ सालच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पण त्याचं परिपत्रक रद्दीवाल्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही. मी त्याला ज्ञानेश्वरांपासून सांगायला सुरुवात केली. तो शांतपणे तराजू लावत होता. माझ्या अनुभवाची गोष्ट सांगतो, लिहून ठेवा : रद्दीवाल्याशी भावावरून भांडू नये, भांडायचं तर वजनावरून. भाव वाढवून मागितला की तो तेवढ्यापुरता वाढवतो आणि काट्यात वसूल करतो. आपण घरी आधी वजन करून ठेवावं आणि तो काटा उचलायच्या आत ‘‘बावीस किलो आहे,’’ असं सहज म्हणावं. मी तसं म्हणालो. त्याच्या काट्यावर बरोबर बावीस भरलं. दोनशे चौसष्ट रुपये जमा. शाखेत चढत्या भाजणीत उतरत्या पगाराची कामं करणाऱ्या माझ्यासारख्याला हा विजय फार मोठा होता.

दुसऱ्या दिवशी बोहारीण आली. बोहारणी आता विरळच झाल्या आहेत, पण आमच्या चाळीत एक अजून येते. तिच्यासमोर भलेभले मॅनेजर टिकणार नाहीत. आम्ही कर्ज देताना तारण तपासतो, पण ज्या नजरेने ती विजारीची शिवण उजेडात धरून बघते, त्या नजरेने तारण तपासलं असतं तर बँकांची बुडीत कर्जं झालीच नसती.

‘‘ताई, ह्याचं फडकं पन नाय व्हायचं,’’ माझ्या ऑफिसात जायच्या सदऱ्याबद्दल ती हिला म्हणाली. तो मी त्या दिवशी घालून जाणार होतो. चुकून गठ्ठ्यात गेला होता. नंतर मी तो घालायचं धैर्य केलं नाही.

मग लग्नाचा सूट निघाला. एकदाच घातलेला. बोहारणीने तो उलटला, सुलटला, अस्तरात हात घातला आणि टोपलीतून एक स्टीलची गाळणी काढली. हिने पातेलं मागितलं. तिने गाळणी परत टोपलीत टाकली. हिने गाळणीवर समाधान मानलं. अशा रीतीने माझ्या लग्नाच्या सुटाची चहाची गाळणी झाली. मी जरा हिरमुसलो, तर ही म्हणाली, ‘‘अहो, निदान ही रोज उपयोगी पडेल.’’ रोख नक्की कशावर होता, ते मी विचारलं नाही.

लोखंडी खाट मात्र मी आधुनिक पद्धतीने विकायची ठरवली. मोबाइलवर फोटो टाकला, खाली ‘उत्तम स्थितीत’ असं लिहिलं. रात्रीपर्यंत एकतीस जणांनी ‘लास्ट प्राइस?’ एवढंच विचारलं. फर्स्ट प्राइस कोणी वाचलीच नव्हती. बत्तिसावा अगदी सज्जन निघाला. खाट न बघता, घासाघीस न करता पूर्ण पैसे द्यायला तयार. म्हणाला, एक चौकोन पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका की पैसे तुमच्या खात्यात. मी पिनचे तीन आकडे टाकले होते. तेवढ्यात ही मागून म्हणाली, ‘‘अहो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, अशी पाटी तुमच्याच काउंटरवर आहे ना?’’

ती पाटी मीच लावली आहे. अक्षरही माझंच आहे.

शेवटी ती खाट तळमजल्यावरच्या एकाने सातशेला नेली. टीव्ही घ्यायला भंगारवाला तयारच होईना. त्यात आता काही निघत नाही म्हणाला. ‘‘पुसून चकाचक केलाय,’’ मी म्हटलं. तेव्हा तो घेऊन जाण्याचे त्याने उलट दोनशे मागितले, आणि मी ते दिले. स्टोव्ह आणि किरकोळ लोखंडाचे मात्र पाचशे दहा मोजले. लोखंडी कपाट विकायचा प्रश्नच आला नाही, कारण ते खोलीबाहेर निघेना. ते आत आल्यानंतर केव्हातरी गॅलरीला जाळी बसली होती. चाळ पडेल तेव्हाच ते बाहेर येईल.

आता राहिली होती एक पितळेची कळशी.

मेहुणा म्हणाला, ‘‘ही मोडीत द्या भावोजी, पितळेला भाव आहे.’’ मी कळशी उचलून खालच्या भांड्यांच्या दुकानात वजन करून आणली. दुकानदाराने मोडीचे तेराशे सांगितले. आजवरच्या सगळ्या जमेइतकी रक्कम जवळजवळ एका फटक्यात येत होती. नियम पहिल्याप्रमाणे मी ती चिंचेने घासायला बसलो. पोटाला एक पोचा होता. तो स्वच्छ झाला तशी गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वर आली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहेच. कोणाचं लग्न, कोणी दिलं, कधी दिलं. मी वाचू लागलो. तीन ओळी होत्या. नाव आमच्या घरातल्या कोणाचंच नव्हतं. आडनावही आमचं नव्हतं.

‘‘आई, ही कळशी कोणाची?’’

आई खिडकीशी बसली होती. म्हणाली, ‘‘मला तरी काय ठाऊक?’’

मग तिने सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आमचे वडील गिरणीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता वर्ष गेलं. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ते खातं बंद न होता तसंच राहिलं. त्या दीड-दोन वर्षांत आईची भांडी एकेक करून मोडीत गेली. आधी घंगाळ, मग परात, मग हंडा. कळशी शेवटी गेली, कारण पाणी तिनेच भरायचं होतं.

‘‘तुझ्या बाबांना पुढे वॉचमनची नोकरी लागली. हातात चार पैसे आल्यावर मी आधी त्या मोडीच्या दुकानात गेले. माझी कळशी आहे का म्हटलं. ती कुठली असायला! पण मागच्या बाजूला ढीग पडला होता. सगळी आपल्यासारख्यांचीच भांडी. सगळ्यांवर नावं. त्यातली ही उचलून आणली.’’

‘‘दुसऱ्याच्या नावाची?’’

‘‘मग काय झालं? मी हिची राखते. माझी कोणीतरी राखली असेल.’’

मेहुणा गप्प बसला. त्याच्या चार नियमांत याला उत्तर नव्हतं. मीही मुकाट्याने कळशी पुसत राहिलो. चिंचेचा हात डोळ्याला लागला की फार झोंबतं.

रात्री हिशेब जुळवला. जमा : रद्दी २६४, खाट ७००, भंगार ५१०, एकूण रुपये १४७४. खर्च : हमाल ५००, टीव्ही नेणावळ २००, दोन दिवसांचा चहा-वडा ३८०, मेहुण्याला घरी सोडायची टॅक्सी ४१०, एकूण रुपये १४९०. निव्वळ तोटा रुपये १६. शिवाय एक गाळणी शिल्लक.

कळशी मी कोणत्या बाजूला लिहावी, ते कळेना. कॉलेजात आम्हांला घसारा काढायच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. एका पद्धतीत दरसाल सारखी रक्कम वजा करतात आणि ठरलेल्या साली वस्तूची किंमत शून्य होते. दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावतात. तिच्यात किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. परीक्षेत मी ही दुसरी पद्धत बरोबर लिहिली होती. समजली ती आता.

आणि एक. बँकेत एखाद्या ठेवीची दहा वर्षं कोणी चौकशी केली नाही, तर ती रिझर्व्ह बँकेने २०१४ साली काढलेल्या फंडात जमा होते. लोकांना वाटतं, पैसे बुडाले. तसं नसतं. मालक किंवा त्याचे वारस कधीही आले आणि ओळख पटवली, की बँकेला ते परत द्यावे लागतात.

म्हणून कळशी आमच्याबरोबर भाड्याच्या जागेत येते आहे. तिच्यावरच्या तीन ओळी मी मुद्दाम इथे लिहीत नाही. त्या काळात लालबाग-परळात कोणाच्या आजीने, आईने लग्नातली पितळेची कळशी मोडीत दिली असेल, तर नाव, ती कोणी दिली आणि साल, एवढं बरोबर सांगावं आणि घेऊन जावी. पोच्याचे पैसे कापणार नाही.

पण टोकन दाखवल्याशिवाय द्यायची नाही. वीस वर्षांची सवय आहे.