छोट्या लाइनची टिपणं

१.
मूर्तिजापूरला उतरलं की दोन मापांचे रूळ जवळजवळ दिसतात. मोठ्या लाइनच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर, छोट्या लाइनच्या ७६२. मोठ्यांचे माथे चकचकीत, छोट्यांचे गंजून तांबूस.

२.
इथून एक फाटा वर अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा खाली कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. लोक दोन्हींना शकुंतला म्हणतात. मालकीच्या कागदावर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, तिचे कारभारी मुंबईचे किलिक निक्सन. गाड्या आणि माणसं मात्र मध्य रेल्वेची.

३.
शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रूळ पडले ते कापसाच्या गाठींसाठी. माणसं बंडीनं जातच होती, आणि त्यांची कुणाला घाई नव्हती. गाठीही बंडीनंच जायच्या. अवकाळी पाऊस आला आणि काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुतलं की मात्र जिनवाल्यापासून मुंबईच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांचा पैसा रुतायचा.

४.
अमेरिकेत यादवी पेटली (१८६१ ते ६५), तिकडचा कापूस थांबला आणि लँकशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. १८६७ला रेल्वे नागपूरला पोचली. १८७०ला जलंब-खामगाव हा १३ किलोमीटरचा फाटा झाला. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं हजर. आता १३ किलोमीटरच्या रस्त्याला पालकमंत्री यायचे तरी तीनदा तारीख बदलते.

५.
खामगावचा फाटा मोठ्या मापाचा. बडनेरा-अमरावतीचाही. दोन्ही आज चालू आहेत.

६.
शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१चं, मँचेस्टरमध्ये बांधलेलं. सिग्नलांवर लिव्हरपूलचा ठसा, असं जुने प्रवासी सांगतात. कापसाचा बाजार लिव्हरपूलला, गिरण्या मँचेस्टरला. चित्र इतकं जमून येतं की लिहिणाऱ्याला मोह होतो. पण एक गोष्ट नोंदवून ठेवलेली बरी: हे इंजिन इथे येईपर्यंत आपल्या आखूड धाग्याच्या रुईचं मोठं गिऱ्हाईक जपान झालं होतं.

७.
गाठ जवळून पाहिली. साधारण १७० किलो. प्रेसमध्ये दाबून चौकोनी केलेली, वर कापडाचं वेष्टन, त्यावरून पट्ट्या आवळलेल्या. एका अंगाला जिनचा मार्का, गाठीचा नंबर, वजन. कोपऱ्यांपाशी हमालांच्या आकड्यांची भोकं, त्यांतून रुई डोकावते. गाठ कुठली हे मार्का सांगतो. कितीदा उचलली हे भोकं सांगतात.

८.
छोट्या लाइननं जाणारी गाठ: जिनमधून बंडीत. बंडीतून मालधक्क्यावर. धक्क्यावरून छोट्या वाघिणीत. मूर्तिजापूरला छोटीतून मोठीत. मुंबईला मोठीतून गोदामात. गोदामातून गिरणीत.

ट्रकनं जाणारी गाठ: जिनमधून ट्रकमध्ये. ट्रकमधून गिरणीत.

९.
वरच्या टिपणाला तळटीप लागत नाही. कारंज्याच्या कुठल्याही अडत्याला ते तोंडपाठ आहे. रेल्वेचं भाडं स्वस्त होतं, हे बरोबर. पण भाडं एकदा द्यायचं आणि हमाली सहादा. त्यात पावती एका स्टेशनावर, माल दुसऱ्यावर, आणि मूर्तिजापूरला मोठी वाघीण कधी मिळेल ते देवाला ठाऊक. कापसाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. वाट पाहणारी गाठ तेवढा वेळ जुगारात असते.

१०.
नंतर मोठ्या लाइननंही तोंड फिरवलं. १९८०च्या दशकापासून रेल्वेचा कल पूर्ण रेककडे. चाळीसेक वाघिणींचा माल एका ठिकाणाहून एकदम द्या, सुटी वाघीण नको, फुटकळ माल तर नकोच. कोळसा, सिमेंट, खत यांना हे जमतं. दारव्ह्याच्या जिनला चाळीस वाघिणी भरायच्या तर शेजारच्या तालुक्यांतल्या जिनांशी आधी सोयरीक करावी लागेल.

कुणी छोटी लाइन बंद करा म्हणालं नाही. तिच्याकडे येणारा मालच कुणाला नको झाला.

११.
१९७२ला सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. राज्यभरच्या कापसाला एकच गिऱ्हाईक. बंड्यांच्या रांगा लागल्या त्या संकलन केंद्रांबाहेर, रस्त्यावर. रात्र-रात्र. मालधक्का त्या वेळीही रिकामाच होता, असं एक निवृत्त पॉइंट्समन सांगतात.

१२.
बार्शी लाइट रेल्वे, १८९७. तीही ७६२ मिलिमीटरची. कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. रूळ अरुंद असले तरी डबे मोठे आणि गाडी जड असली पाहिजे, हा त्याचा हट्ट. आसाला पाच टनांचा हिशेब त्यानं घालून दिला. कुर्डुवाडीहून बार्शी, पुढे पंढरपूर, लातूर, मिरज. १९५४ला सरकारनं ती विकत घेतली. पुढे रूळ रुंद झाले, आज लातूरची मुंबई गाडी बार्शीवरून जाते.

मूर्तिजापूरची लाइन सरकारनं घेतली नाही. कारणं बरीच सांगतात. बार्शीवाल्यांच्या वाटेत विठोबा होता, हे एक मी पदरचं घालतो.

१३.
दर १५ ऑगस्टच्या आगेमागे एक बातमी येते: भारतातली ही रेल्वे अजून इंग्रजांच्या मालकीची! किलिक निक्सन १८५७ची, साहेबांनी काढलेली, इथवर ठीक. स्वातंत्र्यानंतर ती देशी हातांत गेली, त्यालाही कैक वर्षं झाली. पण ‘ही रेल्वे मुंबईकरांच्या मालकीची’ असा मथळा दिला तर कोण वाचणार?

१४.
रूळ कंपनीचे, गाडी सरकारची, उत्पन्नात दोघांचा वाटा. पुण्याच्या जुन्या वाड्यांत मालक आणि भाडेकरूचं व्हायचं तेच इथे झालं. भिंत तुमची, तुम्ही बघा. राहता तुम्ही, तुम्ही बघा. कौलं गळत राहिली.

१५.
वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ला थांबलं, डिझेल आलं. भारतातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली ती १६ एप्रिलला, १८५३मध्ये. एक दिवस आणखी चालवलं असतं तर भाषणाची सोय झाली असती.

१६.
शेवटच्या काळात मधल्या स्टेशनांवर माणूस नाही. तिकीट गाडीतलाच माणूस फाडणार. फाटक आलं की गाडी थांबणार, एक जण उतरून फाटक लावणार, गाडी पलीकडे जाऊन उभी राहणार, तो फाटक उघडून पळत येऊन चढणार. त्याच्यासाठी गाडी थांबते, यात त्या माणसाचा केवढा मान होता. पगारपत्रकात तसा रकाना नसतो.

१७.
गाडीचा वेग ताशी वीसच्या आसपास. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो. तिथे ताशी १२०ची परवानगी आहे.

१८.
दारव्हा मोतीबाग. पाटी अजून वाचता येते. फलाटावर तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या, कडेला पऱ्हाट्यांचा ढीग. एक म्हातारबा बाकावर बसलेले. मी विचारलं, “बाबाजी, गाडी कधी बंद झाली?”

“बंद कुठं झाली जी? थांबून हाय.”

“किती वर्षं?”

“ते सरकारले विचारा. मी आपला तूर राखून ऱ्हायलो.”

१९.
रेल्वेच्या भाषेतही म्हातारबांचंच व्याकरण चालतं. इकडच्या गाड्या एकेक करून ‘तात्पुरत्या’ थांबल्या. बंद करायचं म्हटलं तर कंपनीशी हिशेब मिटवावा लागतो, जमिनीचं काय ते ठरवावं लागतं, कुणीतरी सही करावी लागते. तात्पुरतं थांबवायला एक पत्र पुरतं.

२०.
रुळांना रोज चाक लागलं नाही तर काय होतं, ते क्रमानं असं. आधी गंज चढतो. मग बाभळी. लाकडी स्लीपर चुलीत जातात. फिशप्लेटचे बोल्ट भंगारात. गावातलं फाटक डांबराखाली, कारण रस्ता दुरुस्त करणाऱ्या खात्याला रूळ हा खड्डा वाटतो. मग शेजारच्या शेताचा बांध हात-दोन हात पुढे सरकतो. शेवटी भराव तेवढा उरतो, आणि त्याच्यावरून पावसाळ्यात शाळेची पोरं जातात, कारण वाट तेवढीच कोरडी.

२१.
गाडी सुरू करा, या मागणीची निवेदनं वाचली. विद्यार्थी, शेतमजूर, रुग्ण, बसपेक्षा स्वस्त तिकीट, वारसा, पर्यटन. सगळं रास्त. एसटीला जे पैसे पडतात त्याच्या एका तुकड्यात गाडी न्यायची, आणि मजुराच्या घरात त्या फरकाची भाजी यायची. कापसाचा उल्लेखही असतो: पहिल्या परिच्छेदात, इतिहास म्हणून.

माणसांच्या तिकिटावर ही लाइन कधीच पोसली गेली नव्हती. जिच्यावर पोसली गेली ती गाठ निवेदन देत नाही.

२२.
पुलगाव-आर्वी. १९१७, ३५ किलोमीटर, त्याच कंपनीची, त्याच मापाची. तीही थांबली. पुलगावचं नाव आधी कापडगिरणीमुळे घेतलं जायचं, आता दारूगोळ्याच्या भांडारामुळे.

२३.
अचलपूर. फाट्याचं शेवटचं स्टेशन, आणि कापूस पिकतो तिथेच कापड व्हावं म्हणून उभी राहिलेली विदर्भ मिल्सही इथलीच. ती गेली. पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं इथे नवी गिरणी काढली, नाव फिनले, म्हणजे मुंबईच्या गिरणगावातलं. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी टॉवर येत होते तेव्हा त्यातलं एक नाव सातपुड्याच्या पायथ्याला राहायला आलं. २०२०च्या टाळेबंदीत गिरणी बंद पडली. कामगार फाटकाशी बसले. ‘तात्पुरती’ हा शब्द तिथेही ऐकला.

२४.
मुंबईत हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. वऱ्हाडच्या गाठी याच भागातल्या गोदामांत उतरायच्या. सकाळी आठच्या लोकलमध्ये कुणाला कॉटन कुठलं विचारून पाहा. सरकून उभे राहा म्हणतात.

२५.
२०१६मध्ये अचलपूर-यवतमाळ लाइन मोठी करण्यासाठी १,५०० कोटींची घोषणा झाली. पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्यांतल्या एकाचं यवतमाळात मालवाहतुकीचं ऑफिस आहे, आठ ट्रक दारात. त्यांना म्हटलं, मोठी लाइन आली तर तुमच्या धंद्याचं काय? ते मनापासून हसले. म्हणाले, “भाऊ, गाडी येऊ द्या तर खरी. माझ्या पोरीले पुण्याले जायला बरी पडन.”

२६.
जिनवाल्यांचं म्हणणं वेगळं. एक जण बोलता बोलता म्हणाले, सरकी आणि ढेप जवळपास खपते, रुई जाते लांब: गुजरातेत, तामिळनाडूत. तामिळनाडू लांब आहे, तिथे रेल्वे परवडेल. पण रेल्वे म्हणणार रेक भरा, आणि मी भरतो ट्रक. मधलं काही नाही का? मधलं म्हणजे मालधक्क्यावर वाघीण उभी असते, तुमच्या चाळीस-पन्नास गाठी घेते, कारकून पावती फाडतो. होतं तसं पूर्वी, असं वडील सांगायचे.

२७.
मधलं होतं, ते ७६२ मिलिमीटरचं होतं.

२८.
वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी लाइन, २८४ किलोमीटर, मोठी. २८ फेब्रुवारी २०२४ला वर्धा-कळंब टप्प्याची गाडी सुरू झाली. पंतप्रधान यवतमाळला आले, झेंडा तिथून दाखवला. त्या दिवशी यवतमाळात रेल्वेचं एक स्टेशन होतं, फक्त त्याला गाडी नव्हती. आणि एक गाडी सुरू झाली होती, फक्त ती यवतमाळला पोचत नव्हती.

२९.
कळंबला मालधक्का कुठल्या बाजूला होणार, हे स्टेशनाबाहेर दोघांना विचारलं. दोघांनीही पॅसेंजरची वेळ सांगितली.