चारचौघांतील कानउघाडणी

दोष दाखविणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे, याविषयीं कोणाचा मतभेद असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु दोष सांगावा कोठें, हा प्रश्न तितका सरळ नाहीं. एकांतांत सांगितलेला शब्द आणि चारचौघांत सांगितलेला तोच शब्द यांचें वजन सारखें नसतें. हा प्रश्न आम्हांस वर्गांत रोज पडतो, आणि सायंकाळीं मैदानावर तर त्याहूनही अधिक पडतो.

त्याचा विचार करूं लागलों म्हणजे आमचें मन नेहमीं एका परदेशी खेळाकडे वळतें. तो खेळ म्हणजे अमेरिकेंतील बेसबॉल. महाविद्यालयांत असतांना एका अमेरिकन अध्यापकांनीं आम्हां वसतिगृहांतील मुलांस तो शिकविला, आणि तेव्हांपासून त्या खेळाच्या हकीकती वाचण्याचा आम्हांस छंद जडला. संघाच्या शिक्षकानें आपल्याच खेळाडूचा दोष जाहीरपणें, वर्तमानपत्रांच्या बातमीदारांसमोर बोलून दाखवावा कीं नाहीं, हा वाद त्या देशांत शंभरांहून अधिक वर्षें चालू आहे.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू व नऊ डाव असतात. मैदानांतील चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर तीन 'बेस' आणि चौथ्यावर 'होम', म्हणजे घर. फलंदाजानें चेंडू मारून, क्रमानें तिन्ही बेसना स्पर्श करीत घरीं परतावें, म्हणजे एक धाव होते. संघाच्या मुख्य शिक्षकास 'मॅनेजर' म्हणतात. कोणास खेळवावें व कोणास बसवावें हें तोच ठरवितो. मुख्य स्पर्धेंत एका हंगामांत प्रत्येक संघाचे १६२ सामने होतात, आणि प्रत्येक सामन्यानंतर मॅनेजरास बातमीदारांपुढें बसावें लागतें. मौन धरण्याची त्यास सोयच नसते.

या खेळांत आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. मैदानावरील फलकावर धावा व फटके यांच्या शेजारीं 'चुका' असा तिसरा रकाना असतो. क्षेत्ररक्षकाच्या हातून सोपा चेंडू निसटला, कीं अधिकृत नोंदणीकार ती चूक नोंदवितो. ती फलकावर संघाच्या खात्यांत झळकते, आणि सामन्याच्या तक्त्यांत खेळाडूच्या नांवासह छापली जाते. म्हणजे दोष जाहीर करण्याची व्यवस्था खेळानें स्वतःच करून ठेविली आहे. मग मॅनेजरानें तोंड उघडून त्यांत आणखी काय घालावयाचें?

सन १९०८ च्या सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेची गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर 'जायंट्स' व शिकागोचा 'कब्ज' या दोन संघांचा सामना चालू होता. शेवटचा डाव, दोन्हीं बाजूंची एकेक धाव, जायंट्सचा एक गडी तिसऱ्या बेसवर आणि फ्रेड मर्कल नांवाचा १९ वर्षांचा तरुण पहिल्या बेसवर. ब्रिडवेल या फलंदाजानें चेंडू मारला, तिसऱ्या बेसवरील गडी घरीं पोहोंचला, आणि सामना जिंकला असें समजून प्रेक्षक मैदानांत धांवून आले. तो लोंढा पाहून मर्कल दुसऱ्या बेसला स्पर्श न करितांच मागें फिरला. अशा वेळीं त्या काळीं पुष्कळ जुने खेळाडूही तसेंच करीत. पण कब्जच्या एव्हर्सनें चेंडू मागवून त्या बेसला पाय लाविला व पंचांनीं मर्कल बाद ठरविला. ती धाव रद्द झाली. हंगामाच्या शेवटीं दोन्हीं संघ बरोबरीस आले, ८ ऑक्टोबर रोजीं सामना पुन्हा खेळविण्यांत आला, आणि जायंट्स हरले. मर्कलला वर्तमानपत्रांनीं 'मूर्ख' ठरविलें, आणि तें नांव जन्मभर त्याच्या पाठीस लागलें.

जायंट्सचा मॅनेजर होता जॉन मॅग्रॉ. त्याच्यासारखा तापट व शिवराळ मनुष्य त्या खेळांत क्वचितच झाला असेल. संघाचें विजेतेपद एका सामन्यानें गेलेलें. मर्कलच्या नांवानें बोटें मोडण्यास याहून चांगली संधि कोणती? परंतु मॅग्रॉनें तसें केलें नाहीं. या मुलानें जुन्या खेळाडूंना करतांना पाहिलें तेंच केलें, आणि आम्ही जिंकावयास हवे होते असे डझनभर सामने याशिवाय हरलों आहों, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. पुढच्या वर्षीं त्यानें मर्कलचा पगारही वाढविला. सन १९११, १९१२ व १९१३ अशीं सलग तीन वर्षें जायंट्सनीं आपल्या लीगचें विजेतेपद मिळविलें, आणि त्या तिन्ही वर्षीं पहिल्या बेसवर मर्कलच उभा होता.

आतां दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कोणी म्हणेल, हे खेळाडू लहान मुलें नव्हेत. ते कोट्यवधि रुपयांच्या मोलाचें वेतन घेतात, आणि प्रेक्षक पैसे देऊन सामना पाहतात. त्यांस खरें सांगावयास नको काय? जो मॅनेजर रोज 'सर्व ठीक आहे' असेंच म्हणतो, त्याच्या शब्दावर विश्वास कोण ठेवील? शिवाय 'लेकी बोले, सुने लागे' या न्यायानें एकास बोललेलें दहा जणांस लागतें व सारा संघ सावध होतो. हें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें नाहीं.

या पक्षाचे लोक सन १९७७ चें उदाहरण देतात. त्या वर्षीं १८ जून रोजीं बॉस्टनच्या फेनवे पार्कवर न्यूयॉर्क 'यँकीज'चा रेजी जॅक्सन एका चेंडूकडे सावकाश गेला, असें मॅनेजर बिली मार्टिन यास वाटलें. त्यानें डाव चालू असतांनाच दुसरा खेळाडू पाठवून जॅक्सनला परत बोलाविलें. मग संघाच्या बैठकीच्या जागीं दोघांची अशी जुंपली कीं इतरांनीं मध्यें पडून हातघाई टाळली. आणि हें सर्व दूरचित्रवाणीवर देशभर दिसलें. परंतु त्याच वर्षीं यँकीजनीं जागतिक विजेतेपद मिळविलें, आणि शेवटच्या सामन्यांत जॅक्सननें तीन 'होमरन' मारले! मग अपमानानेंच ही ठिणगी पेटली असें कां म्हणूं नये?

आम्ही तसें म्हणत नाहीं, कारण गोष्ट तेथें संपत नाहीं. त्या दोघांतील तेढ मिटली नाहीं. जुलै १९७८ मध्यें मार्टिन बातमीदारांपाशीं जॅक्सनविषयीं आणि संघाच्या मालकाविषयीं असें कांहीं बोलून गेला कीं दुसऱ्याच दिवशीं त्यास डोळ्यांत पाणी आणून राजीनामा द्यावा लागला. त्याच्या जागीं शांत स्वभावाचा बॉब लेमन आला, आणि यँकीज त्या वर्षींही जिंकले. पहिलें यश पाणउताऱ्याचें मानावें, तर दुसरें कशाचें मानावयाचें?

अलीकडचीं दोन उदाहरणें पाहा. एप्रिल २०१२ मध्यें बॉस्टन 'रेड सॉक्स'चा मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन दूरचित्रवाणीच्या मुलाखतींत म्हणाला कीं, केविन यूकिलिस हा शरीरानें व मनानें पूर्वीइतका खेळांत दिसत नाहीं. यूकिलिस त्या संघाचा जुना, मान्यवर खेळाडू. त्याचा सहकारी डस्टिन पेड्रोइया यानें, आमच्याकडे असें चालत नाहीं, असें उघड उत्तर दिलें. व्हॅलेंटाइननें क्षमा मागितली. पण सुटलेला शब्द परत येत नाहीं. जूनमध्यें यूकिलिस दुसऱ्या संघाकडे गेला. बॉस्टननें त्या हंगामांत ९३ सामने गमाविले, आणि ऑक्टोबरांत व्हॅलेंटाइनची नोकरी गेली. एवढ्या एका वाक्यानें संघ बुडाला असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या वाक्यानें हंगामाच्या आरंभींच खेळाडू एका बाजूस व मॅनेजर दुसऱ्या बाजूस उभे राहिले, हें खरें.

दुसरें उदाहरण मे २०२१ मधील. शिकागो 'व्हाइट सॉक्स' ११ धावांनीं पुढें असतांना यर्मिन मर्सेडिस या पहिल्याच हंगामांतील खेळाडूनें चेंडू सोडून देण्याची खूण न मानतां होमरन मारला. इतकी आघाडी असतांना असें करणें त्या खेळाच्या अलिखित नियमांविरुद्ध समजतात. मॅनेजर टोनी ला रूसा यानें दुसऱ्या दिवशीं बातमीदारांस सांगितलें, कीं याचा परिणाम त्यास आमच्या कुटुंबांत भोगावा लागेल. वाचकांनीं या वाक्याकडे लक्ष द्यावें. जी शिक्षा कुटुंबांत द्यावयाची, तिची दवंडी बाजारांत कां पिटावी? त्याच रात्रीं प्रतिपक्षाच्या गोलंदाजानें मर्सेडिसच्या पाठीमागून चेंडू फेंकला, आणि ला रूसानें, यांत आपणांस वावगें कांहीं दिसत नाहीं, असें सांगितलें. आज्ञा मोडणें हा दोष खराच. पण आपल्या माणसास परक्यांच्या हातीं सोंपविणें हा त्याहून मोठा दोष होय.

मग खेळाडूस कधींच सर्वांदेखत कांहीं म्हणूं नये काय? येथें अटलांटा 'ब्रेव्ह्ज'चा मॅनेजर बॉबी कॉक्स याची आठवण होते. आपल्या खेळाडूची निंदा बातमीदारांपुढें न करण्याविषयीं त्याची ख्याति होती. उलट, खेळाडूंची बाजू घेऊन पंचांशीं भांडल्यामुळें तो दीडशेंहून अधिक वेळां मैदानाबाहेर काढला गेला. पण याच कॉक्सनें जुलै १९९८ मध्यें अँड्रू जोन्स या २१ वर्षांच्या खेळाडूस, तो चेंडूमागें मन लावून धांवला नाहीं म्हणून, डाव चालू असतांनाच बाहेर बोलाविलें. कृति मार्टिनचीच, परंतु येथें ना हातघाई झाली, ना त्यांतून वर्षभराचें वैर उपजलें. क्षेत्ररक्षणाबद्दल उत्कृष्ट खेळाडूस मिळणारें 'गोल्ड ग्लव्ह' हें पारितोषिक जोन्सला त्या वर्षापासून सलग दहा वर्षें मिळालें. ज्या मुलास ठाऊक असतें कीं हा मनुष्य बाहेर आपल्यासाठीं भांडतो, त्यास त्याची कठोरता लागते, पण सलत नाहीं.

आम्हांस शिकवूं लागून वीस वर्षें होऊन गेलीं. सर्वांदेखत बोलणीं खाणाऱ्या मुलाकडे आम्हीं पुष्कळदां लक्षपूर्वक पाहिलें आहे. त्याचे डोळे फळ्यावरच्या चुकलेल्या गणिताकडे नसतात. ते बांकांवरील सोबत्यांच्या चेहऱ्यांवरून फिरत असतात. कोण हंसला आणि कोण नाहीं, हेंच तो मोजीत असतो. गणित जागच्या जागीं राहतें.

एका आंतरशालेय क्रिकेट सामन्यांत याहून वाईट प्रकार आमच्या पाहण्यांत आला. एका मुलाच्या हातून झेल सुटला, आणि त्याच्या शिक्षकांनीं सीमेवरून ओरडून, 'तुझ्यामुळें सामना जाणार' असें सांगितलें. थोड्याच वेळानें त्याच मुलाकडे दुसरा चेंडू उंच आला. तो त्याच्याकडे धांवलाच नाहीं. चार पावलें टाकून थांबला. चेंडू समोर पडला आणि त्यास कोणी कांहीं बोललें नाहीं, कारण झेल सुटला असें म्हणावयास जागाच नव्हती. बेसबॉलच्या फलकांतही हीच एक उणीव आहे: जो चेंडूपर्यंत पोहोंचून चुकतो त्याच्या नांवें चूक मांडली जाते; जो पोहोंचतच नाहीं त्याचें पान बहुधा कोरें राहतें. जाहीर निंदेचा खरा तोटा हाच, असें आमचें मत आहे. ती चूक टाळावयास शिकवीत नाहीं; ती प्रयत्न टाळावयास शिकविते.

म्हणून आमचें मत थोडक्यांत असें. हातून झालेल्या चुकीबद्दल जाहीर शब्द नको. ती सर्वांनीं पाहिलीच आहे. आळस किंवा आज्ञाभंग झाला, तर शिक्षा सर्वांदेखत करावी लागली तरी करावी, परंतु तिचें कारण प्रथम त्या खेळाडूस सांगावें. बातमीदारांनीं विचारलें, तर काय घडलें तें सांगावें. मनुष्य कसा आहे तें सांगूं नये. ज्यास खेळावयास पाठविलें त्याची निवड आपणच केली होती, हेंही विसरूं नये. एकच अपवाद आम्ही मानतों. खेळाडूनें लबाडी केली, प्रतिपक्षास मुद्दाम इजा केली, किंवा कोणाची जात, वर्ण वा गरिबी काढून त्याचा अपमान केला, तर शिक्षकानें तेथल्या तेथें व सर्वांस ऐकूं जाईल असें बोललेंच पाहिजे. कारण ज्याचा अपराध झाला, त्यानें तो शब्द ऐकणें अवश्य आहे.

पालकांसही हें लागू आहे. घरीं पाहुणे आले असतां, मुलगा समोर उभा असतांना, 'हा गणितांत अगदीं कच्चा' असें जेव्हां आपण हंसत सांगतों, तेव्हां आपणही बातमीदारांपुढें बसलेले मॅनेजरच असतों. मुलांनो, तुमच्यापैकीं जे कर्णधार आहेत त्यांनींही हें ध्यानांत ठेवावें. आणि ज्यांस एकांतांत कांहीं सांगितलें जाईल, त्यांनीं तें हलकें समजूं नये. हळू आवाजांत सांगितलेली गोष्ट बहुधा जास्त विचार करून सांगितलेली असते.

यंदाच्याही हंगामांत आमच्या मैदानावर झेल सुटतील व सामने हातचे जातील. त्या वेळीं कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं आमचा आवाज तुमच्यापर्यंत आला नाहीं, म्हणून आम्ही मुलास कांहीं बोललोंच नाहीं असें समजूं नये.