फटफटीची धग

पन्नास वर्षं स्वयंपाकघरात उभी राहिलेल्या बाईला धगीबद्दल कुणी काही शिकवायची गरज नसते. तवा किती तापलाय हे हात वर धरला की कळतं, आणि कढईचा कान कधी पकडायचा नाही हेही. पण फटफटीच्या धगीबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं या वर्षी, वयाच्या पंचाहत्तरीत कळलेलं. आपल्या गोतावळ्यात आता प्रत्येक घरी एक तरी मोटरसायकलवेडा आहे. परवाच एका भाच्याने "मावशी, नवीन सायलेन्सर बसवतोय" म्हणून फोटो पाठवला. तेव्हा म्हटलं, एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच सगळं नीट लिहून ठेवावं.

नातू पुण्यात नोकरी करतो. साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची आणि दोन सायलेन्सरची गाडी त्याने स्वतःच्या पगारातून हप्ते भरून घेतली आहे. वडिलांकडून एक रुपया घेतला नाही, याचा त्याला अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. पगारवाढ झाली तेव्हा कंपनीचे सायलेन्सर काढून त्याने बाहेरचे बसवून घेतले, इंजिनापासून निघणाऱ्या वाकड्या नळ्यांसकट. त्या नळ्यांना गॅरेजवाले 'बेंड पाईप' म्हणतात. जुन्या जोडीपेक्षा नवीन फारच हलकी, दिसायला सडपातळ, आणि आवाज असा की गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की शेजारचे आप्पा खिडकी लावून घेत. त्यांची बायपास झालेली आहे.

आवाजाचं मी धरून चालले होते. यांच्याकडे येझदी होती तेव्हापासून मला फटफटीच्या आवाजाची सवय आहे. दर काही महिन्यांनी हे सायलेन्सरमधली जाळी ओढून काढायचे आणि तिच्यावरचा तेलकट कार्बन मागच्या अंगणातल्या चुलीत जाळायचे. पण त्या येझदीची धग कधी अंगावर आल्याचं आठवत नाही. नातवाच्या गाडीची मात्र यायला लागली. एप्रिलात तो पुण्याहून खंबाटकी ओलांडून आला की उतरल्या उतरल्या उजवा पाय झटकायचा. जीन्सच्या आत पाय लाल झालेला असे. सिग्नलला उभं राहिलं की खालून भट्टी पेटल्यासारखं वाटतं, असं तोच म्हणायचा. नळ्यांचा रंगही बदलला. आधी सोनेरी झाल्या, मग इंजिनाजवळ जांभळ्या-निळ्या. त्याला तो रंग आवडायचा, फोटो काढायचा.

मग मे महिन्यात माझी नात आली. मुलीची मुलगी, आठवीतली. दादाच्या गाडीवरून कासला जायचं म्हणून तिने सुट्टी लागायच्या आधीपासून दिवस मोजले होते. दोघं यवतेश्वरच्या घाटाने वर गेली, मजेत परत आली, आणि दारात उतरताना तिच्या पोटरीला पाईप लागला. सेकंदभरच. तेवढ्यात रुपयाएवढा नव्हे, चांगला तळहाताएवढा भाग पांढरा पडला आणि तासाभरात फोड आला.

इथे जरा थांबून एक सांगते, कारण हे प्रत्येक घरात उपयोगी पडेल. भाजल्यावर काय लावायचं यावर आपल्याकडे अंगण भरून मतं असतात. आमच्या लहानपणी दौतीतली निळी शाई ओतायचे. आता टूथपेस्ट लावतात, कुणी हळद, कुणी तूप. यातलं काहीही लावायचं नाही. बर्फही नाही. भाजलेला भाग नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा, घड्याळ लावून. फोड फोडायचा नाही. स्वच्छ कपड्याने किंवा जाळीच्या पट्टीने सैल झाकायचा आणि भाग मोठा असेल तर डॉक्टरांकडे जायचं. आम्ही तसंच केलं. जखम भरली, पण डाग अजून आहे.

त्या रात्री माझ्या मुलाने, म्हणजे नातवाच्या बापाने, जेवताना एवढंच म्हटलं, "विकून टाक ती गाडी." नातू ताटावरून उठला. पुढचे दोन आठवडे बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप माझ्यामार्फत. "आजी, बाबांना सांग शनिवारी येणार नाही." "आई, त्याला सांग औषधाचे पैसे पाठवायची गरज नाही." दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच ते जास्त तापत होतं.

सातारला पोवई नाक्याच्या पुढे माझ्या एका विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. वर्गात तो बाकाखाली सायकलची चेन घेऊन बसायचा. आता त्याच्या हाताखाली चार मुलं आहेत. मी नातवाला म्हटलं, "त्याला एकदा दाखव, मग काय ते ठरव." आणि मीही रिक्षा करून गेले.

"बाई, तुम्ही कशाला आलात?" असं म्हणत त्याने स्टूल पुसून दिलं. म्हटलं, "समजून घ्यायला आले. मला कळेल असं सांग." त्याने सांगितलं ते असं.

पेट्रोलचे शंभर रुपये टाकले तर चाक फिरवायला त्यातले पंचवीस-तीस कामी येतात. बाकीच्याची उष्णता होते. थोडी इंजिनाच्या पंख्यांवाटे आणि तेलावाटे हवेत जाते, आणि मोठा वाटा धुराबरोबर सायलेन्सरमधून. इंजिनातून बाहेर पडतो तेव्हा हा धूर सहाशे-सातशे अंशांचा असू शकतो. "बाई, तुमचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा. मधून धुराडं जातं आणि भोवती पाणी असतं. इथे भोवती पाणी नाही, तुमच्या नातवाचा पाय आहे." मला लगेच कळलं.

म्हणजे नवीन सायलेन्सर लावल्याने धग नव्याने जन्माला आली, असं फारसं नसतं. ती आधीही होतीच. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये तिला झाकलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी दुहेरी नळी असते, आतली तापते आणि बाहेरची त्या मानाने कमी. पाय लागेल अशा जागी वेगळा पत्रा असतो. तोच तो वजनाचा भाग, जो काढल्यावर गाडी 'हलकी' होते. नवीन नळी एकपदरी आणि उघडी. साठ-सत्तर अंशांचा उघडा धातूही क्षणभरात चटका देतो, आणि ही नळी त्याच्या कितीतरी वर असते.

दुसरं कारण त्याने हाताने दाखवलं. बेंड पाईप इंजिनाला जिथे जोडतात तिथे पॅकिंग असतं, एक चपटी कडी. ती एकदा दाबली गेली की तिचं काम संपतं, दर वेळी नवी घालायची असते. पुण्यात बसवणाऱ्याने जुनीच ठेवली होती, आणि दोन नटांपैकी एक घट्ट, दुसरा सैल. सांध्याजवळ काजळीची काळी रेघ उठली होती, तीच खूण. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर जातो. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीत दाब कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे नळीवर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसलेला असतो. त्याला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. मग गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. ते जादा पेट्रोल आणि ही चोरटी हवा एकत्र येऊन नळीतच जळतात. गाडी ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके फोडत होती ना, ते हेच. नातवाला ते फटाके गाडीच्या ताकदीची खूण वाटत होते.

तिसरं कारण मिश्रणाचं. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, वजनाने, हा पूर्ण ज्वलनाचा हिशोब. पेट्रोल थोडं जास्त असलं तर त्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेतं, इंजिन जरा गार राहतं. मोकळ्या सायलेन्सरमुळे हवा जास्त खेळू लागली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर तो गारवा जातो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत जेट बदलून हे जुळवायचे. नव्या गाड्या शांतपणे चालवताना सेन्सरच्या मदतीने मर्यादेत स्वतःच जुळवून घेतात, पण पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की कॉम्प्युटर आधी भरलेल्या कोष्टकावर चालतो, आणि ते कोष्टक कंपनीच्या सायलेन्सरसाठी तयार केलेलं असतं. आणि नळ्यांचा तो सोनेरी-निळा रंग? स्टीलवर ऑक्साईडचा अगदी पातळ थर चढतो त्याचा. साधारण तीनशे अंशांना पिवळसर, त्याहून बरंच वर गेलं की निळा. थोडा रंग प्रत्येक स्टीलच्या नळीवर येतोच, पण तो झपाट्याने मागे सरकत गेला तर काहीतरी जास्त तापतंय असं समजावं.

मग उपाय. नातवाला नळीभोवती गुंडाळायची ती काचतंतूंची पट्टी हवी होती. ती धग आत ठेवते, पायाला आराम पडतो, हे खरं. पण आपल्या सातारच्या पावसात ती ओली राहते आणि आतल्या आत नळी गंजते, दिसतही नाही. सिरॅमिकचा लेप चांगला, पण खर्चिक. माझ्या विद्यार्थ्याने आधी स्वस्तातलं केलं. नवी पॅकिंग घातली, दोन्ही नट थोडेथोडे आळीपाळीने आवळले, इंजिन तापवून पुन्हा गार होऊ दिलं आणि परत एकदा तपासले. फटाके बहुतेक थांबले. मग पाय लागतो तिथे एक छिद्रांचा पत्रा बसवला, पण नळीला चिकटवून नाही, मध्ये बोटभर फट ठेवून. म्हणाला, "बाई, पत्र्यापेक्षा ही फट जास्त काम करते. हवा खेळते. चिकटवला तर पत्राच तापेल." तापमान मोजायचं पिस्तूल होतं त्याच्याकडे. चकचकीत स्टीलवर ते खूपच कमी आकडा दाखवतं, म्हणून त्याने नळीवर काळ्या रंगाचा ठिपका दिला आणि त्यावर मोजलं. नळी दीडशेच्या वर, पत्रा साठाच्या आत. नातू खूश झाला.

पण गॅरेजवाला गप्प राहिला नाही. "धग कमी झाली, पण गाडी अजून बरोबर नाही," तो नातवाला म्हणाला. या नळ्यांबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेला होता. विषारी कार्बन मोनॉक्साईडला निरुपद्रवी करणारी ती आतली जाळी. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांचे निकष तिच्याशिवाय पाळले जात नाहीत. शिवाय कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-धुराचे निकष मोडले तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने जातं ते वेगळंच. पोलीस असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडतात, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

नातवाने ऐकून घेतलं, हो-नाही काही म्हणाला नाही. घरी आल्यावर त्याने नातीला पत्रा दाखवला. "बघ, आता हात लावलास तरी चालेल." तिने हात लावला नाही. म्हणाली, "दादा, जुने लावलेस की बसेन." रागाने नाही, अगदी सहज. त्याच्याकडे बघून मला वाटलं, बापाच्या दोन आठवड्यांच्या अबोल्याने जे झालं नाही, ते इथे झालं.

पुढच्या रविवारी अंगणात गोणपाट अंथरून त्याने जुनी जोडी माळ्यावरून काढली. गॅरेजमधला एक मुलगा मदतीला आला होता, पण सायलेन्सर जड, एकाने धरायचा आणि दुसऱ्याने नट लावायचा, आणि तो मुलगा पॅकिंग आणायला गेला होता. माझा मुलगा पेपर वाचत बसला होता. उठला, लुंगी वर खोचली आणि सायलेन्सरचं मागचं टोक धरून उभा राहिला. दोघं बोलले ते एवढंच: "जरा वर." "एवढा?" "हं, बास." मी आत जाऊन चहा टाकला.

घरात म्हाताऱ्या माणसाचं काम काय, असं कुणी विचारलं तर मी त्या पत्र्याचं उदाहरण देईन. धग विझवणं आपल्या हातात नसतं. मध्ये उभं राहायचं, पण कुणालाच चिकटायचं नाही. थोडी फट ठेवायची, वारा खेळू द्यायचा.

असो. तर भाच्या, तुझ्यासाठी थोडक्यात. बदलायचंच असेल तर गाडीच्या नियमांत बसणारा घे, कन्व्हर्टर काढू देऊ नकोस. पॅकिंग दर वेळी नवी घाल. सांध्याजवळ काजळी दिसते का, ते आठवडाभराने बघ. मागे बसणाऱ्याला, विशेषतः लहान मुलांना, कुठल्या बाजूने उतरायचं ते आधी सांग आणि पाय झाकलेले असू देत. आणि जुना सायलेन्सर विकू नकोस, माळ्यावर ठेव.