आषाढातला शीण, दिवाळीनंतरचा शीण

सदाशिवनगरचं गोल रिंगण आटोपून माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामी येते, तेव्हा गावभर पसरलेले पाय दिसतात. कुणी ओट्यावर, कुणी ट्रकच्या आडोशाला. एखादी म्हातारी टाचेच्या फोडातून सुईने दोरा ओवते, पाणी झिरपून जावं म्हणून तो तसाच ठेवते आणि शेजारणीशी उद्याच्या वेळापूरच्या गप्पा मारते. गावातली पोरं अनोळखी पोटऱ्यांना तेल चोळत असतात. शिणवटा आहे, पण त्याची कुरकुर नाही. माहेरी निघालेल्याची वाट ही!

जुन्या चिनी कवितेतला वाटसरू नेमका उलट. एकटा, आणि पावलागणिक घरापासून लांब जाणारा. कधी बदली झालेला अधिकारी, कधी लढाईने देशोधडीला लावलेला. तू फू (७१२-७७०) हा त्यांतला सर्वांत मोठा कवी. ७५९ मध्ये नोकरी सोडून तो बायकापोरांसह बाहेर पडला, आणि अखेर मरण आलं तेही प्रवासातच. पुढे मंगोल अमदानीत मा झियुआनच्या नावावर असलेली एक कविता तर अवघ्या २८ अक्षरांची. पहिल्या तीन ओळींत क्रियापदच नाही, नुसत्या वस्तू एकापुढे एक मांडलेल्या. त्यांतच एक हडकुळा घोडा येतो. माणूस येतो तो सगळ्यात शेवटी. ऋतू अर्थातच शरद. हे कवी दमायचे ते बहुधा शरदातच.

हा माणूस माळशिरसला वारीत शोधून सापडायचा नाही. तो येतो दिवाळीच्या आगेमागे, बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर. ट्रॉलीत भांडी, शेळ्या, पेंगुळलेली पोरं. गाडीला जुंपायच्या बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली. पाचटाची कोपी उभी राहते, आणि अंधार असतानाच फड गाठायचा. (चिनी कवीला निदान दारूचा आधार असायचा, तू फूला म्हातारपणी आजारामुळे तीही सोडावी लागली.) याच्या पोटऱ्यांना तेल लावायला मात्र कुणी येत नाही. देव तोच, तालुका तोच; पण हा पंढरीला निघालेला नाही ना.

आषाढात पाण्याचे टँकर आणि औषधाचे तंबू उभे करायला माळशिरसकरांना कुणी शिकवावं लागत नाही. गाळप सुरू झालं की त्यातलं निदान पाणी आणि औषध तेवढं कोप्यांपर्यंत पोचवा.