हूं नाही की चूं नाही

माझ्या सहा वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का रे?" तो म्हणाला, "नाही." फाइलमध्ये तसंच लिहिलं गेलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती शहाणा आहे! हूं नाही की चूं नाही."

पण तो कुशीवर वळत नव्हता. गुडघे पोटाशी घेतलेले. खोकला आला की दाबून धरायचा. आवडतं कार्टून लावलं तरी नजर छताकडे. मी सिस्टरना सांगितलं. "तो नाही म्हणतोय ना, मग औषध कशाला?" म्हणाल्या.

रात्रपाळीच्या सिस्टर वयाने मोठ्या होत्या. त्या कॉटवर टेकल्या आणि आधी म्हणाल्या, "कुणी टोचणार नाही. औषध सलाईनच्या नळीतूनच जातं." मग एक कागद दाखवला. सहा चेहरे, हसऱ्याखाली 0, रडक्याखाली 10, मध्ये दोन-दोनने चढते आकडे. "याला अजिबात दुखत नाही, याला सगळ्यात जास्त. रडू येत नसलं तरी हा दाखवला तर चालतो. तुझं पोट कोणतं?"

त्याने 8 वर बोट ठेवलं. वर म्हणाला, "हो म्हटलं की टोचतात." ऑपरेशनआधी त्याची नस सापडत नव्हती, तेव्हाचं ते मनात बसलं होतं. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, याचं जरा लागलंच.

सिस्टरनी डॉक्टरांना फोन केला, वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल सुरू झालं. थोड्या वेळाने कागद घेऊन त्या परत आल्या. आता 4. औषधानंतर पुन्हा विचारायचंच, नाहीतर पहिल्या आकड्याचा उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं.

शेजारच्या कॉटवर एक तान्हं बाळ भोकाड पसरायचं. त्याला कागद दाखवून काय उपयोग! तिथे त्या चेहरा, पाय, चुळबुळ, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का, हे पाहायच्या. प्रत्येकाला 0 ते 2 गुण. म्हणजे रडण्याला 10 पैकी 2च! मला नवल वाटलं.

पुढे ड्रेसिंग आणि चालवणं औषधाचा असर सुरू झाल्यावरच ठेवलं. त्याने कुरकूर केली, पण चालला.

डिस्चार्जच्या कागदावर 'दुखल्यास द्यावे' असं होतं. हा सांगणारच नाही, तर द्यायचं कधी? मी डॉक्टरांना घरचे पहिले दोन दिवस वेळेवर द्यायचं औषध लिहून मागितलं. त्यांनी ती ओळ खोडली आणि 'दर सहा तासांनी' लिहून दिलं.