नोंदीचे शास्त्र

प्रबंध लिहून पुरा होणे आणि तो वाचकाच्या हाती पोहोचणे या दोन घटनांमधले अंतर ग्रंथालयाच्या नोकरीत ज्याचे आयुष्य गेले त्याला जितके ठाऊक असते, तितके खुद्द लेखकालाही नसते. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे कितीतरी वर्षे येथील संशोधनाची रीत अशी की, मौखिक परीक्षा होऊन पदवी पदरात पडली म्हणजे कापडी बांधणीची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात दाखल व्हावी, आणि ज्याला ती पाहावयाची असेल त्याने अर्ज घेऊन विद्यानगरात यावे. २००९ च्या विनियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीनंतर ३० दिवसांत प्रबंधाची संगणकीय प्रत धाडण्याचा दंडक घातला, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे खुले संगणकीय भांडार उभे केले, आणि कपाटाचे कुलूप निघाले.

परंतु कुलूप निघाले म्हणून ग्रंथ सापडतोच असे नाही. असे भांडार चालवणारी डीस्पेससारखी संगणकप्रणाली २००२ पासून कोणासही विनामूल्य मिळते. दुर्मीळ आहे ती नोंद करणाऱ्याची चिकाटी. आडनाव पाटील आणि आद्याक्षरेही तीच, असे दोन संशोधक एकाच विभागात निघाले की एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खाती रुजू होण्यास विलंब लागत नाही. युनिकोडपूर्व टंकांतला मराठी प्रबंध पडद्यावर सुवाच्य दिसतो, पण त्यात ‘ताराबाई’ शोधू जावे तर यंत्राला रोमन चिन्हांची निरर्थक रांग तेवढी दिसते. म्हणून त्याचे शीर्षक, सारांश आणि विषयसंज्ञा देवनागरीत पुन्हा उतरून काढाव्या लागतात. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादून उजेडात आणली. त्या परंपरेतल्या माणसाला हे निराळे सांगावयास नको की, चिठ्ठी नसलेला कागदांचा रुमाल दप्तरात असला काय आणि नसला काय, सारखेच.

खुल्या भांडारातून लेखन चोरीस जाईल, अशी धास्ती काही विद्वान अद्याप बाळगतात. माझा अनुभव उलट आहे: कपाटात बंद असलेल्या प्रबंधाची चोरी कोणाच्याच ध्यानात येत नाही, आणि खुला प्रबंध मात्र ताडून पाहता येत असल्यामुळे उचलेगिरी चटकन उघडकीस येते.

तेव्हा मार्गदर्शकांना आणि संशोधकांना माझी विनंती एवढीच की, आपले पूर्ण नाव सर्वत्र एकाच रीतीने लिहावे, पीडीएफबरोबर युनिकोडातील मूळ प्रतही द्यावी, आणि सारांश कारकुनाच्या भरवशावर न टाकता स्वतः लिहावा.